इटालियन स्थलांतरितांचं चर्च : लग्नं, सण आणि परमुलखात वसलेलं गाव

पिंपळपान

लंडनच्या उत्तरेला, रेल्वेने तासाभराच्या आत येतं असं बेडफर्ड नावाचं शहर आहे. बाजारातून चक्कर मारली की इटालियन कॉफीची दुकानं, इटालियन वाणी, दाराशी उभे राहून हातवारे करत गप्पा मारणारे म्हातारे दिसतात आणि ही मंडळी इथे कशी आली, असा प्रश्न पडतो. ती आली विटांमुळे. महायुद्धात बॉम्बने पडलेली घरं पुन्हा उभी करायला इंग्लंडला विटा हव्या होत्या आणि भट्टीवर राबायला इंग्रज माणूस मिळेना. १९५१ पासून लंडन ब्रिक कंपनीने नेपल्समध्ये भरती सुरू केली आणि दक्षिण इटलीतल्या खेड्यापाड्यांतून तरुण आणले. मोंतेफाल्चोने, बुस्सो, सिसिलीतलं सांतआंजेलो मुक्सारो ही गावं जगाच्या नकाशावर शोधावी लागतील, पण बेडफर्डमध्ये ती घरोघरी माहीत आहेत. करार चार वर्षांचा. राहायला छावण्या, त्यातल्या काही युद्धकैद्यांसाठी उभारलेल्या. भट्टी पुरती थंड व्हायच्या आत तिच्यात शिरून गरम विटा हाताने उपसायच्या.

१९६५ मध्ये या लोकांनी आपलं चर्च उभं केलं, संत फ्रान्सेस्का काब्रिनीच्या नावाने. ही बाई १८८९ मध्ये न्यू यॉर्कला गेली ती पोप लिओ तेरावा यांच्या सांगण्यावरून. तिची स्वतःची ओढ चीनकडे होती. पुढे १९४६ मध्ये ती संत घोषित झाली आणि स्थलांतरितांची आश्रयदाती मानली गेली. चर्च चालवायला आले ते स्कालाब्रिनी संघाचे धर्मगुरू. पिआचेंझाचे बिशप स्कालाब्रिनी यांनी मिलान स्टेशनवर अमेरिकेला निघालेल्या शेकडो गरिबांचा जथा पाहिला, तो त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना, आणि १८८७ मध्ये त्यांनी फक्त परदेशी गेलेल्यांसाठी हा संघ काढला. २०२२ मध्ये त्यांनाही संतपद मिळालं.

आता मुद्द्यावर येते. शेजारच्या आजींच्या (सगळी गल्ली त्यांना नोन्ना म्हणते) नातीचं लग्न इथे झालं, आम्हाला सहकुटुंब बोलावणं होतं. तेव्हापासून एकच गोष्ट मनात घोळतेय. हे चर्च प्रार्थनेसाठी जितकं बांधलं गेलं तितकंच लग्नांसाठी. परमुलखात माणूस एकट्याने कमावू शकतो, एकट्याने जेवू शकतो, कोपऱ्यात बसून जपमाळही ओढू शकतो. लग्न मात्र एकट्याने लागत नाही. मुलगा कुणाचा, मुलगी कुठली, हे सांगणारं कुणी लागतं. साक्षीदार लागतात, रांधणाऱ्या बायका लागतात, रुसणारे पाहुणेसुद्धा लागतात. म्हणजेच गाव लागतं. आणि गाव मागे राहिलेलं असेल तर ते नव्याने जमवावं लागतं. ते जमवायची जागा म्हणजे हे चर्च आणि त्याला लागून असलेला हॉल.

त्या दिवशीची एक गोष्ट सांगते. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपल्यावर वधूवर आणि साक्षीदार सह्या करायला बसले. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून लग्नाच्या नोंदीत आईचं नाव येऊ लागलंय; त्याआधी फक्त बापाचं नाव आणि बापाचा धंदा लिहायचे. नोन्ना चष्मा लावून त्या कागदावर वाकल्या आणि आपल्या लेकीच्या नावावर बोट ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांचं स्वतःचं लग्न इथलं चर्च बांधायच्या आधी, गावातल्या इंग्रजी कॅथलिक चर्चमध्ये लागलं होतं. त्यांच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि "शेतमजूर" एवढंच आहे. लेकीला वाढवणाऱ्या, वर भट्टीवरच्या माणसांचे डबे करणाऱ्या त्यांच्या आईचा तिथे कुठे उल्लेख नाही.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडातल्या मंडळींनी अशी इटालियन चर्चं जवळून पाहिली असतील. लिहा ना.

जुई_ठाणे

सुंदर धागा. एक भाबडी शंका. इंग्लंडमध्ये कॅथलिक चर्चं आधीपासून होतीच की. आणि त्या काळी मिस्सा तर सगळीकडे लॅटिनमध्येच व्हायची ना? मग भाषेचा प्रश्न येतोच कुठे? वेगळं चर्च कशाला हवं होतं?

वसईवाला

जुई, मिस्सा लॅटिनमध्ये होती हे खरं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेनंतर, म्हणजे साठच्या दशकात, ती लोकभाषांत आली. आमच्या वसईत मराठीत आली. पण पापनिवेदन लॅटिनमध्ये करता येत नाही! आपल्या मनातलं ओझं उतरवायला समोरच्या फादरला आपली बोली कळावी लागते. प्रवचन, मुलांची धर्मशिकवणी, मरणाऱ्याच्या उशाशी बसणं, आणि लग्नाआधीची चौकशी, हे सगळं बोलीतच होतं.

लग्नाची चौकशी हा तर मोठाच विषय आहे. मी आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, कचेरीत बरीच वर्षं नोंदींचं काम पाहिलंय म्हणून सांगतो. कॅथलिक लग्न लागलं की त्याची खबर ज्या चर्चमध्ये तुमचा बाप्तिस्मा झाला तिथे कळवावी लागते. तिथला फादर जुनी वही काढतो, तुमच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात लिहितो : अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुकशी विवाह. लग्नाआधी वधूवरांकडून बाप्तिस्म्याचा ताजा उतारा मागतात तो याचसाठी. समास कोरा असला तर माणूस मोकळा. १९०७ च्या एका फर्मानाने ही शिस्त जगभर पक्की केली आणि पुढल्या वर्षीच्या ईस्टरपासून ती लागू झाली.

आता विचार करा. गावी बायको टाकून अमेरिकेला गेलेला आणि तिथे नव्याने बोहल्यावर चढू पाहणारा माणूस. त्याला अडवणारी एकच चीज होती, गावच्या चर्चमधली ती वही. पण त्यासाठी परदेशातल्या फादरला गावच्या फादरला पत्र लिहिता आलं पाहिजे, त्याचं उत्तर वाचता आलं पाहिजे, आणि गाव कुठल्या डोंगरात आहे हेही ठाऊक असलं पाहिजे. तिथल्या आयरिश फादरला हे जमणं कठीण होतं. इटालियन फादर डोळे मिटून करायचा.

पिंपळपान

वसईवाला, तुम्ही हे लिहिलंत आणि मला नोन्नांच्या घरातली एक गोष्ट उमगली. त्यांच्या बाप्तिस्म्याचा उतारा मी पाहिलाय, मोंतेफाल्चोनेच्या चर्चचा. समासात बारीक अक्षरात "बेडफर्ड" लिहिलेलं आहे. म्हणजे भट्टीच्या धुरात लागलेलं लग्न डोंगरातल्या त्या वहीत जाऊन बसलं.

शिवाय इटालियन नागरिकत्व टिकवलेल्यांना लग्नाचा दाखला वकिलातीमार्फत गावच्या नगरपालिकेत चढवून घ्यावा लागतो. म्हणजे एकच लग्न इंग्रजी दप्तरात, इटालियन नगरपालिकेत आणि चर्चच्या वहीत, असं तीन ठिकाणी लिहिलं जातं.

जुई, तुझी शंका भाबडी अजिबात नाही. इंग्रजी चर्चमध्ये हे लोक गेलेच होते. पण मागच्या बाकांवर बसायचं, कुणी नमस्कार करायचा नाही, मूर्तीला हात लावून मुका घेतला की भुवया उंचावायच्या. नोन्ना म्हणतात, "देव तोच होता गं, पण यजमान दुसरे होते."

हडसनकाठ

पिंपळपान, न्यू यॉर्कमध्ये तर तळघराची कथा आहे. ईस्ट हार्लेममध्ये ११५ व्या रस्त्यावर माउंट कार्मेलच्या मरियामातेचं चर्च आहे, १८८४ चं. ते बांधायला इटालियन मजुरांनी दिवसभराचं काम आटोपून रात्री पाया खणला, भंगारवाल्यांनी आपल्या गाड्या दिल्या. आणि चर्च उभं राहिल्यावर इटालियन लोकांची मिस्सा व्हायची तळघरात! वरचा मजला आयरिश आणि जर्मन भाविकांचा. विसाव्या शतकाची दोन दशकं सरत आली तेव्हा कुठे ते वर आले. ज्यांनी खणलं त्यांनाच खाली बसवलं, हे वाचताना आजही रक्त तापतं.

आणि याच मरियामातेला १९०४ मध्ये व्हॅटिकनच्या मान्यतेने सोन्याचा मुकुट चढवला गेला. तळघरात बसणाऱ्या गरिबांच्या मूर्तीला. त्या दिवशी त्या वस्तीतल्या बायकांना काय वाटलं असेल!

तिथल्या लग्नांबद्दल. १९३०-४० च्या काळात गरीब इटालियन कुटुंबांची लग्नं चर्चच्या किंवा एखाद्या मंडळाच्या हॉलमध्ये व्हायची. जेवणाचं ताट परवडत नसे. मग आया-मावश्या आदल्या रात्री बसून सँडविच करायच्या, मेणकागदात गुंडाळून टेबलावर ढीग लावायच्या. कुणाला हॅमचं हवं, कुणाला सलामीचं. लांबच्या टेबलावरून हाक आली की चेंडू फेकावा तसं सँडविच भिरकावायचं. म्हणून त्यांना फुटबॉल लग्नं म्हणत. सोबत बिअरचं पिंप, घरी केलेली बिस्किटं आणि नातलगांतलाच कुणी अकॉर्डियन वाजवणारा. माझ्या कामावरचे एक निवृत्त गृहस्थ सांगतात की त्यांच्या आईवडिलांचं लग्न असंच झालं, आणि पुढे मोठमोठ्या हॉटेलांतल्या लग्नांना जाऊन आले तरी आईच्या तोंडी कौतुक त्याच लग्नाचं.

मेलबर्नकाकू

आमच्याकडची गोष्ट थोडी वेगळी आणि जिवाला चटका लावणारी आहे. मी इथल्या एका वृद्धाश्रमात अधूनमधून मदतीला जाते. तिथे कितीतरी इटालियन आज्या आहेत ज्यांचं लग्न नवऱ्याच्या गैरहजेरीत लागलं!

युद्धानंतर हजारो इटालियन तरुण ऑस्ट्रेलियात आले. क्वीन्सलंडमध्ये ऊसतोडीला, कुणी जलविद्युत प्रकल्पावर, कुणी मेलबर्नच्या कारखान्यांत. इटालियन मुली इथे नव्हत्या, इंग्रजी मुली यांना उभं करत नव्हत्या. जहाजाचं भाडं एवढं की लग्नाला गावी जाऊन येणं शक्यच नाही. आणि तिकडे कुठला बाप आपली कुवार पोर एकटी महिनाभराच्या बोटीत बसवेल? यावर चर्चच्या कायद्यात तोड होती : प्रतिनिधीमार्फत लग्न. नवरा मेलबर्नमध्ये मुखत्यारपत्रावर सही करणार, गावच्या चर्चमध्ये त्याच्या जागी त्याचा भाऊ नाही तर नवरीचाच भाऊ उभा राहणार. पांढरा पोशाख, घंटा, मिस्सा, जेवणावळ, सगळं यथासांग. फक्त नवरा नाही. संध्याकाळी नवरी आईच्याच घरी झोपायला परत. मग कागद यायचे, बोट ठरायची, आणि पोर्ट मेलबर्नच्या स्टेशन पिअर या धक्क्यावर हातात फोटो धरून ती गर्दीत आपला नवरा शोधायची.

एका आजींनी सांगितलं, त्यांनी पिअरवर तो पोशाख पुन्हा घातला, कारण नवऱ्याने आपल्या बायकोला नवरीच्या वेषात पाहिलंच नव्हतं. तसेच दोघं थेट चर्चमध्ये गेले, फादरने आशीर्वाद दिला आणि तेव्हा पहिल्यांदा दोघांचा एकत्र फोटो निघाला. घरी गावी पाठवायला.

सगळ्यांचं चांगलं झालं असं नाही. काहींना फोटोतला माणूस आणि पिअरवरचा माणूस यांत दहा-पंधरा वर्षांचं अंतर आढळलं. परतीचं भाडं कुणाजवळ? अशा वेळी त्या मुलीला विश्वासाने बोलायला एकच जागा होती, इटालियन फादर आणि सिस्टर. कुणाला सिस्टरांनी काही दिवस आसरा दिला, कुणासाठी फादरने नवऱ्याला बोलावून समज दिली. त्या आज्या हे सांगतात तेव्हा आवाज अजून कापतो.

शिलेदार

काकू, वाचता वाचता आपल्याकडचं खांड्याशी लावलेलं लग्न आठवलं. मराठा सरदार घराण्यांत नवरदेव मोहिमेवर असला किंवा मानपानामुळे स्वतः येणार नसला की त्याची तलवार यायची आणि मुलीचं लग्न तिच्याशी लावायचे. पुढे वरात सासरी. फरक एवढाच की आपल्याकडे तो मान मिरवायचा प्रकार होता आणि इथे गरिबीने शोधलेली वाट.

रोखठोक

सगळं छान आहे, पण एक बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून मांडतो. हे "गाव नव्याने जमवणं" मुलींना फार महाग पडलंय. गाव सोडून हजार मैल आलं तरी लग्न गावातल्याच मुलाशी. शेजारच्या गावचा मुलगाही परका. मुलींवर भावांचा पहारा. नाचाला गेली तर आई सोबत. इटलीत दरम्यान सगळं बदललं, तिथल्या मुली शहरांत शिकायला गेल्या, आणि इंग्लंड-अमेरिकेतली इटालियन घरं १९५० साली निघाली तिथेच थांबली. चर्चने याला आशीर्वादच दिला. आपल्या परदेशातल्या मंडळींतही हे दिसतं. माझी बहीण याच कारणाने घरापासून वर्षानुवर्षं तुटली होती, म्हणून तळमळीने लिहितोय.

पिंपळपान

रोखठोक, तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करते. इथे मोंतेफाल्चोनेवाले, बुस्सोवाले, सिसिलीवाले यांची मंडळं वेगळी, ग्रामदैवतं वेगळी, आणि सुरुवातीला सोयरिकीही आपापल्यातच. नोन्नांच्या थोरल्या लेकीने एका इंग्रज मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा आजोबा तिच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट.

पण ती कोंडी फुटली तीही चर्चमध्येच. त्या वेळचे फादर रविवारी मिस्सेनंतर आजोबांच्या घरी जायला लागले. उपदेश एका अक्षराचा नाही. बसायचे, वाइन घ्यायचे, पत्ते खेळायचे. काही महिन्यांनी म्हणाले, "लग्न इंग्रजी चर्चमध्ये झालं तर तू येणार नाहीस, मला माहीत आहे. मग आपल्याकडेच लावू." आजोबा आले, लेकीचा हात धरून वेदीपर्यंत चालत गेले. परवा लग्न झालं ती नात या लेकीची मुलगी नव्हे, धाकटीची. पण थोरलीचा इंग्रज नवरा आज त्या हॉलचा हिशेब पाहतो आणि त्याची इटालियन अस्सल मोंतेफाल्चोनेची आहे.

म्हणजे कोंडणारीही तीच वस्ती आणि दार उघडणारीही. दोन्ही खरं. तुमच्या बहिणीच्या वाट्याला असा मध्यस्थ यायला हवा होता.

रोखठोक

हो. हवा होता.

मांडवीकर

गोव्याचा आहे, म्हणून कुडांबद्दल लिहितो. मुंबईत धोबीतलावला, माझगावला गोंयकारांचे कूड आहेत, धोबीतलावच्या जेर महालात तर एकाच इमारतीत कितीतरी. प्रत्येक गावचा आपला कूड. बोटीवर काम करणारे खलाशी, खानसामे, वाजंत्री बोट लागेपर्यंत तिथे राहायचे. भाडं नाममात्र. भिंतीला ओळीने पेट्या, एका टोकाला अल्तार (वेदी), त्यावर गावचा संत. रात्री ठरल्या वेळी सगळ्यांनी मिळून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची, ती चुकवायची नाही. वर्षातून एकदा गावच्या संताचं फेस्त, म्हणजे सण.

पिंपळपान यांचा मुद्दा मला इथे पटतो. कुडात प्रार्थना होती, फेस्त होतं, पोटापुरता आधारही होता. पण कूड पुरुषांचा. तिथे लग्न लागत नसे, लग्नाला माणूस गोव्यालाच जायचा. म्हणून कूड हा मुक्कामच राहिला. इटालियन लोकांचीही छावणीतली पहिली वर्षं अशीच असणार. बायका आल्या, लग्नं लागली, बाप्तिस्मे झाले तेव्हा मुक्कामाचं गाव झालं.

पिंपळपान

मांडवीकर, हे मला इतकं नेमकं सुचलं नव्हतं. मनापासून आभार.

जुई_ठाणे

जेवणाचं आणि आहेराचं कुणी लिहीना! लग्नात काय काय असतं?

पिंपळपान

घे. सगळ्यात आधी कोंफेत्ती, म्हणजे साखरेचं कडक पांढरं कवच चढवलेले बदाम. आब्रुत्सो प्रांतातलं सुल्मोना गाव यासाठी नावाजलेलं. जाळीदार कापडाच्या पुरचुंडीत पाच बदाम : आरोग्य, संपत्ती, सुख, संतती, दीर्घायुष्य. आकडा विषमच हवा, दोघांत समान वाटला जाऊ नये म्हणून. या पुरचुंड्या बांधायला लग्नाआधी हॉलमध्ये बायका जमतात. मीही गेले होते. लांब टेबल, मधोमध बदामांची परात, प्रत्येकीच्या हातात रिबिनीची गुंडाळी, आणि तोंडाने गावातली सगळी जुनी लग्नं, मोडलेली आणि जुळलेली. मी बांधलेली पहिली पुरचुंडी एका आजींनी न बोलता सोडली आणि गाठ कशी बसते ते माझी बोटं धरून दाखवलं.

आहेर पाकिटातून. नवरी साटिनची पिशवी घेऊन टेबलाटेबलाशी जाते किंवा दाराशी पेटी असते. आपल्यासारखीच कुणी किती दिले याची वही घरात असते, आणि त्यांच्याकडचं कार्य निघालं की ती वही उघडली जाते. निघताना प्रत्येक कुटुंबाला एक छोटी भेटवस्तू, तिच्यासोबत ते बदाम.

जेवण लांबच लांब. आधी थंड मांसाचे काप, चीज, तेलातल्या भाज्या. मग पास्ता. मग मांस. मग आता संपलं असं वाटतं तोवर मासे. रात्री उशिरा गोडाचं टेबल, त्यावर घराघरांतून आलेली बिस्किटं, प्रत्येकीच्या ताटाला तिच्या नावाची चिठ्ठी. तारांतेल्ला हा नाच सुरू झाला की नव्वदीच्या आज्याही खुर्ची सोडतात. साक्षीदार होणाऱ्यांचं नातं मात्र सगळ्यात वरचं. ते दोन घरांना जन्मभराचं बांधतं, पुढे बाळाच्या बाप्तिस्म्याला बहुधा तेच धर्मपिता.

क्लार्कनवेलची_वाट

माझं ऑफिस लंडनच्या सेंट पीटर्स इटालियन चर्चजवळ आहे, म्हणून मूळपीठाबद्दल लिहिते. बेडफर्ड हे युद्धानंतरचं, हे त्याआधीचं. १८४५ च्या सुमारास संत विन्सेंत पाल्लोत्ती यांच्या मनात आलं की लंडनमधल्या इटालियन गरिबांसाठी चर्च हवं. ते उघडलं १६ एप्रिल १८६३ ला, रोममधल्या सान क्रिसोगोनोच्या धर्तीवर. त्याआधी हे लोक सार्डिनियाच्या वकिलातीच्या चॅपेलमध्ये जायचे. हडसनकाठ, तुमचं ११५ व्या रस्त्यावरचं चर्चही पाल्लोत्तींच्याच संघाने चालवलं, ही जोड लक्षात घ्या.

सॅफ्रन हिल, आयर स्ट्रीट हिल या उतारांवर तेव्हा हँडल फिरवून बाजाची पेटी वाजवणारे, आइस्क्रीमवाले, प्लास्टरच्या मूर्ती करणारे, चाकूला धार लावणारे एकेका खोलीत दाटीने राहायचे. लहान पोरांना गावाहून आणून रस्त्यावर वाजवायला लावणारे मुकादम होते. अशा पोरांसाठी मॅझिनीने १८४१ मध्ये हॅटन गार्डनला रात्रीची फुकट शाळा काढली होती. तोच मॅझिनी ज्याच्या आत्मचरित्राचा सावरकरांनी मराठीत अनुवाद केला, तोही लंडनमध्येच बसून.

चर्चच्या ओवरीत एक स्मारक आहे, त्यापुढे मी दर वेळी थांबते. १० जून १९४० ला इटलीने युद्ध पुकारलं आणि इथल्या इटालियन पुरुषांची धरपकड झाली. कॅफेवाले, वेटर, आचारी. कित्येकांची मुलं ब्रिटिश सैन्यात. त्यांना कॅनडाला नेणारी आरान्दोरा स्टार ही बोट २ जुलैला आयर्लंडच्या वायव्येला जर्मन पाणबुडीने बुडवली. आठशेच्या वर माणसं गेली, त्यांतले चारशेच्या वर इटालियन. बहुतेकांची प्रेतंही मिळाली नाहीत. ज्या दारातून नवरा बनून बाहेर पडले त्याच दाराशी त्यांची आठवण कोरलेली आहे, कारण थडगं नाही. दरवर्षी त्यांच्यासाठी मिस्सा होते.

वस्ती आता तिथे उरलेली नाही, घरभाडी कुणाला परवडतात! पण लग्न, बाप्तिस्मा आणि जुलैची मिरवणूक यांसाठी माणसं लांबलांबून येतात. शिवाय गेल्या दहा-पंधरा वर्षांत कामासाठी आलेले नवे इटालियन तरुण आहेत. जुन्यांची बोली त्यांना पणजीच्या तोंडची वाटते, पण लग्नाचे कागद करायला तेही याच कचेरीत येतात.

हडसनकाठ

ईस्ट हार्लेममधले इटालियनही जवळजवळ सगळे निघून गेले. आता १६ जुलैला तिथे हैतीचे भाविक मोठ्या संख्येने येतात, क्रिओल या आपल्या भाषेत गाणी म्हणतात. मूर्ती तीच, मुकुटही तोच.

वसईवाला

हे वाचून बरं वाटलं. आणि मिरवणुकीबद्दल सविस्तर लिहा ना. मुलगा लंडनला शिकतोय, जुलैत आम्ही दोघं त्याच्याकडे येणार आहोत.

क्लार्कनवेलची_वाट

दादा, जरूर या. १६ जुलै हा माउंट कार्मेलच्या मरियामातेचा सण, त्यानंतरच्या रविवारी मिरवणूक असते. एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून चालत आलेली, युद्धाच्या काळात खंड पडलेला. त्या वर्षी पहिला ख्रिस्तप्रसाद घेतलेली मुलं पांढऱ्या कपड्यांत पुढे असतात, बायबलमधले प्रसंग मांडलेल्या गाड्या, निरनिराळ्या प्रांतांचे संत, आणि शेवटी पुरुषांच्या खांद्यावर मरियामाता. चर्चच्या खालच्या उतारावर जत्रा भरते : वाइन, सॉसेज, मक्याच्या पिठाचा पोलेंटा.

फॅरिंग्डन स्टेशनवर उतरा, तिथून चालत दहा मिनिटं. दुपारी लवकर पोचा, क्लार्कनवेल रोडवर चर्चच्या समोरच्या फुटपाथला उभे राहा. दाराजवळ गर्दीत काही दिसत नाही. शेजारीच १८७८ पासूनचं इटालियन वाणसामानाचं दुकान आहे, कोंफेत्ती तिथे चौकशी करून पाहा. आणि सकाळच्या मिस्सेला यायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी जागा धरून ठेवते.